श्रवण प्रक्रिया विकार

श्रवण प्रक्रिया विकार (ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर) म्हणजे कानांची ऐकण्याची क्षमता सामान्य असूनही ऐकलेल्या ध्वनींचा, विशेषतः बोलण्याचा, उलगडा करण्यात मेंदूला येणारी अडचण होय. हा बहिरेपणा नव्हे आणि बुद्धीची उणीवही नव्हे.

लक्षणे

गोंगाटात बोलणे न समजणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण आहे. वारंवार "काय?" असे विचारणे, उत्तर देण्यास वेळ लागणे, एकापाठोपाठ दिलेल्या सूचनांपैकी काही निसटणे आणि सारख्या ध्वनींची गल्लत होणे ही अन्य लक्षणे होत. मराठीत 'गार–घार', 'दार–धार', 'पाट–पाठ' या जोड्यांत केवळ अल्पप्राण-महाप्राणाचा भेद असल्याने श्रुतलेखनात अशा चुका होऊ शकतात. शांत खोलीत समोरासमोर बोलल्यास तीच व्यक्ती पुष्कळदा व्यवस्थित संवाद साधते. त्यामुळे 'मुद्दाम लक्ष देत नाही' असा दोष तिच्या माथी येतो.

कारणे

बालपणी वारंवार होणारा मध्यकर्णाचा संसर्ग, अकाली जन्म, डोक्यास इजा व पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध आढळतो. अनेकदा निश्चित कारण सापडत नाही.

निदान

नेहमीच्या श्रवणचाचणीत दोष दिसत नाही. १९५४ मध्ये इटलीतील बोक्का व सहकाऱ्यांनी मेंदूतील गाठींच्या रुग्णांसाठी अस्पष्ट केलेल्या शब्दांची चाचणी वापरली. तेथून या शाखेचा विकास झाला. आज दोन्ही कानांत एकाच वेळी भिन्न अंक ऐकवणे, गोंगाटातील शब्द ओळखणे अशा चाचण्या, सामान्यतः सात वर्षांनंतर, घेतल्या जातात. अवधानदोष व वाचनदोष (डिस्लेक्सिया) यांची लक्षणे मिळतीजुळती असल्याने हा स्वतंत्र विकार आहे की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

व्यवस्थापन

यावर औषध नाही. मुलास शिक्षकाजवळ बसवणे, लहान वाक्यांत बोलणे, सूचना फळ्यावर लिहिणे आणि शिक्षकाचा आवाज थेट कानाशी पोहोचवणारे बिनतारी उपकरण वापरणे उपयुक्त ठरते. एकाच खोलीत दोन इयत्ता चालणाऱ्या ग्रामीण शाळांत बैठकव्यवस्थेला विशेष महत्त्व आहे. प्रौढांना लेखी सूचना व शांत जागा मागून घेता येते.

भारतातील स्थिती

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत शिक्षकांनी भरावयाची प्राथमिक प्रश्नावली विकसित झाली आहे. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण क्षेत्रात कार्यरत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार श्रवणदोषासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल ऱ्हास आवश्यक आहे. त्यामुळे सामान्य श्रवणक्षमतेच्या या व्यक्ती त्या व्याख्येत बसत नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतही या विकाराचा नावाने उल्लेख नाही.