गोचिडाची जात आणि माकडताप



गोचीड म्हटला की सगळे सारखेच, असं आपण धरून चालतो. पण गोचिडाची जात ओळखणं कधीकधी माणसाच्या जिवावरचं काम होतं. ते कसं, ऐका.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं-माकडं मरून पडू लागली. लाकूडफाट्याला जाणारी माणसंही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची मंडळी तिथे धावली. माकडं मरताहेत म्हणजे डासांमुळे होणारा पीतज्वर तर नव्हे, ही पहिली धास्ती. पण विषाणू निघाला रशियातल्या गोचीड-तापाच्या गोतातला! मग रानातल्या पाल्यावरून पांढरं कापड ओढायचं, त्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची जात लावायची आणि कोणत्या जातीत विषाणू सापडतो ते पाहायचं, असं काम चाललं. मोठं किचकट काम. अगदी कोवळ्या गोचिडाला पाय सहाच, पुढे आठ होतात. आणि पिल्लाची जात लावताना भल्याभल्यांचे डोळे दुखतात. शेवटी मुख्य दोषी ठरला 'हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा'. माणसाला चावतात ती बहुधा त्याची आठ पायांची बारीक पिल्लं.

भिंगातून आधी तोंड पाहतात. हिमाफायसॅलिसचं तोंड आखूड, तोंडाशेजारच्या सोंडांचा बुडखा कोपरासारखा बाहेर आलेला, डोळे नाहीत, आणि अंगाच्या मागच्या कडेला झालरीसारख्या चुण्या. आपल्या गोठ्यातल्या बूफिलसचंही तोंड आखूडच, पण त्याचा पाया षटकोनी आणि मागे झालर नाही. (शास्त्रज्ञांनी आता त्याचं कूळ बदलून ऱ्हिपिसेफॅलस केलं आहे, आपल्याला काय त्याचं!) हायलोमाचं तोंड लांब, पाय पट्ट्यापट्ट्यांचे. संकरित गाईंना थायलेरियाचा ताप देतो तो हाच.

हे सगळं दूरचं वाटेल. पण २०१६ साली माकडताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात येऊन ठेपला. रानात चरायला जाणारी गुरं या तापाने आजारी पडत नाहीत, पण मोठे गोचीड त्यांच्या रक्तावर पोसतात आणि वाढतात.

तेव्हा गुराच्या अंगावरचा गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. गाव, तारीख आणि जनावर कोणतं, हे कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद बाटलीतच घाला. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. बाटली पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा.