हातमागावर विणायला शिकायचंय? आधी ताणा धरायला शिका

कोल्हापूर जिल्ह्यात माग म्हटलं की इचलकरंजीचा खडखडाट आठवतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हातमाग मागे पडत गेला. तरी हाताने चालणारा एक माग जिल्ह्यात अजून टिकून आहे, तो म्हणजे घोंगडीचा. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीत सणगर समाजातील विणकर हे काम पिढ्यानपिढ्या करत आले. मात्र आता मागावर बसणारे बहुतेक वयस्कर आहेत आणि नवी पोरं इकडे फारशी वळत नाहीत. हे काम शिकायची किंवा निदान समजून घ्यायची इच्छा असेल, त्यांच्यासाठी ही प्राथमिक माहिती.

ताणा आणि बाणा

कापड म्हणजे दोन धाग्यांची गुंफण. मागावर ताणून बांधलेला उभा धागा तो ताणा. त्यात आडवा घातला जातो तो बाणा. एक ताणा वर, एक खाली, पुढच्या ओळीत उलट. साधी वीण म्हणजे एवढंच. घोंगडीही याच पद्धतीने विणतात.

मागाचे भाग

घोंगडीचा माग खड्ड्याचा असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खाली पावड्या असतात, त्या पायाने दाबायच्या. पावडी दाबली की तिला बांधलेली वही हलते. वही म्हणजे दोऱ्याच्या डोळ्यांची रांग. ताण्याचा एक धागा पहिल्या वहीतून आणि शेजारचा दुसऱ्या वहीतून ओवलेला असतो. म्हणून एक पावडी दाबली की निम्मे धागे वर, निम्मे खाली होतात आणि मध्ये फट पडते. बाण्याची कांडी ज्यात बसवतात तो धोटा. घातलेला बाणा ठोकून घट्ट बसवायला फणी किंवा जड लाकडी पट्टी वापरतात.

खरं काम मागावर बसण्याआधीचं

नवशिक्याला वाटतं, धोटा फेकता आला की विणकाम आलं. तसं नाही. निम्म्याहून जास्त काम आधीच झालेलं असतं.

दख्खनी मेंढीची लोकर साधारण वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून मोकळी करायची आणि चरख्यावर सूत कातायचं. हे काम मुख्यतः धनगर बायका करत आल्या. मग सगळे धागे एकाच लांबीचे करून ताणा लावायचा. एक धागा सैल आणि एक घट्ट राहिला, तर पुढे कितीही चांगलं विणलं तरी घोंगडं वाकडंच निघणार.

त्यानंतर खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करतात. ती मोठ्या कुंच्याने ताण्यावर चढवून उन्हात वाळवतात. लोकरीचे सुटे तंतू त्यामुळे बसतात आणि घासून धागा तुटत नाही. ऊन नसेल तर हे काम अडतं.

विणताना तीन हालचाली

पहिली, पावडी दाबून फट पाडणे. दुसरी, फटीतून धोटा पलीकडे नेणे. तिसरी, बाणा ठोकणे. मग दुसरी पावडी दाबायची आणि धोटा परत आणायचा. हात आणि पाय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. सुरुवातीला वेगाच्या मागे लागू नका, ठोका सारखा पडतोय का ते बघा.

घरी सराव कसा करावा?

माग नसला तरी चौकटीवर सुरुवात करता येते.

१. साधारण दीड फूट लांब आणि एक फूट रुंद अशी मजबूत लाकडी चौकट घ्या.
२. वरच्या आणि खालच्या पट्टीवर ८ इंचांच्या रुंदीत अर्ध्या अर्ध्या इंचावर खिळे मारा. प्रत्येक बाजूला १७ खिळे बसतील.
३. सुती दोरा खालच्या पहिल्या खिळ्याला बांधून वर-खाली गुंडाळत वरच्या शेवटच्या खिळ्याला गाठ मारा. ३३ उभे धागे तयार होतील. सगळे सारखे ताणलेले हवेत.
४. जाड लोकरीचा धागा मोठ्या सुईत ओवून एक धागा सोडून एक असा घाला. परतताना उलट घाला.
५. प्रत्येक ओळ जेवणाच्या काट्याने किंवा जाड कंगव्याने खाली दाबा.

नेहमी होणाऱ्या चुका

पट्टी वर जाताना अरुंद होत गेली, तर बाणा जास्त ओढला जातोय. तो घालताना सरळ न ठेवता थोडा तिरका, सैल ठेवा आणि मग दाबा. मध्येच दोन धागे एकत्र वर आले असतील तर तिथपर्यंत उसवा, पुढे ढकलू नका. ताणा तुटला तर त्याच जाडीचा तुकडा सांधून पुन्हा तेवढाच ताण द्या.

खरी घोंगडी ओळखावी कशी?

१९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यात यंत्रमागाला मनाई असलेल्या वस्तूंत कांबळही आहे. तरी बाजारात घोंगडी म्हणून कृत्रिम धाग्याचा मालही विकला जातो. कडेचा एक सुटा धागा काढून, बाजूला धरून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. यंदा यात्रेला गेलात तर विचारत विचारत एखाद्या विणकराच्या दारात जा. परवानगी घेऊन तासभर मागाजवळ बसा. ताणा कसा जोखायचा, खळ किती घट्ट ठेवायची, हे वाचून येत नाही, बघून आणि हाताने करूनच येतं. ते दाखवणारे हात अजून मागावर आहेत, तोवर शिकून घ्यायला हवं.