टाकणखार : उपयोगाचं ज्ञान आणि उगमाचं ज्ञान

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं साधा प्रश्न विचारला होता. आपल्या नागपुरात मराठी बोलतानाही ‘सोने पे सुहागा’ असं आपण सहज म्हणतो; तर हा सुहागा म्हणजे काय? समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो सौभाग्याशी संबंधित शब्द वाटत होता. सुहागा म्हणजे टाकणखार. जुन्या मराठीत त्याला सवागीही म्हणत. संस्कृतात टंकण, इंग्रजीत बोरॅक्स. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त थोडं लांबलेलं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, खनिजशास्त्राचे नाही. पण एखादी वस्तू माणसाला ‘माहीत आहे’ म्हणजे नेमकं काय माहीत आहे, हा आमचा प्रांत. आणि या प्रश्नासाठी टाकणखारासारखं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. आपल्या लोकांना त्याचा उपयोग हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होता. तो येतो कुठून, हे थोड्यांनाच ठाऊक होतं. तो आहे काय, हे तर अगदी अलीकडे कळलं.

सुरुवात इतवारीतून करू. सराफा ओळीत सोनार दागिन्याला डाक देतो, तेव्हा टाकणखाराचा खडा पाण्यात घासून ते पाणी सांध्यावर लावतो. मग फुंकणीची ज्योत. आधी टाकणखार लाहीसारखा फुलतो. या खनिजाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, ते वाफ होऊन निघून जातं. मग तो वितळून काचेसारखा पसरतो. शुद्ध सोन्याला हवेचा त्रास नाही. पण दागिन्याच्या सोन्यात आणि डाकेत तांबं असतं, ते तापलं की त्यावर काळपट थर येतो. त्या थरावर डाक धरत नाही. वितळलेला टाकणखार तो थर स्वतःत विरघळवून घेतो, धातू उघडा करतो, आणि डाक सरसर सांध्यात शिरते. नंतर काचेसारखा राहिलेला टाकणखार धुऊन काढतात. दागिन्यात तो उरत नाही.

न्यायशास्त्रात ज्याला सहकारी कारण म्हणतात, ते हेच. घडा मातीचा होतो, कुंभार तो घडवतो, पण चाक आणि दांडा नसेल तर घडा होत नाही. टाकणखार हा सोनाराच्या घरचा दांडा. ‘सोने पे सुहागा’ याचा मूळ अर्थही ‘चांगल्यावर आणखी चांगलं’ एवढाच नसावा. सुहाग्याशिवाय सोन्याचं काम पुरं होत नाही, हा कारागिराचा अनुभव त्यात आहे.

आता ग्रंथांकडे वळू. रसशास्त्राच्या ग्रंथांत टंकण जागोजागी येतो. रसविद्येशी नागार्जुनाचं नाव जोडलेलं आहे आणि आपल्या रामटेकजवळच्या टेकडीलाही लोक नागार्जुनाचंच नाव देतात. शून्यवादी नागार्जुन आणि रससिद्ध नागार्जुन हे वेगवेगळे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रामटेकची कथा आपण कथा म्हणूनच घेऊ. पण रसग्रंथांतली एक गोष्ट मात्र कथा नाही, पद्धत आहे. धातूचं भस्म खरोखर झालं की नाही, हे तपासायला ते भस्म ‘मित्रपंचका’बरोबर मुशीत तापवायचं. या पाच मित्रांत तूप, मध, गुंज, टाकणखार आणि कुठे गुग्गुळ तर कुठे गूळ. तापवल्यावर भस्मातून पुन्हा धातू निघाला, तर भस्म कच्चं. निघाला नाही, तर पक्कं.

इथे जरा थांबा. ही परीक्षा आहे. वैद्यानं सांगितलं म्हणून भस्म पक्कं मानायचं नाही, मुशीत घालून बघायचं. शब्दप्रमाणावर न थांबता प्रत्यक्षाकडे जायचं. आणि त्या परीक्षेत टाकणखार साक्षीदार आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

पण हा खार आला कुठून? नागपूरच्या आसपास तो कधीच निघत नव्हता. का, हे समजायला तो बनतो कसा ते पाहावं लागेल. टाकणखाराचं मूळद्रव्य बोरॉन. पृथ्वीच्या कवचात ते फार थोडं, दहा लाख भागांत साधारण दहा भाग. वितळलेला खडक थिजताना नेहमीच्या खनिजांत बोरॉनला सहसा जागा मिळत नाही. ते शेवटच्या उरलेल्या रसात आणि गरम पाण्यात साठत जातं. ते पाणी उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या रूपानं वर आलं, बाहेर वाट नसलेल्या खोलगट जागेत साचलं आणि कोरड्या हवेत आटलं, की टाकणखाराचे थर बसतात. म्हणजे तीन गोष्टी एकत्र हव्यात: बोरॉन आणणारं गरम पाणी, कोंडलेलं तळं आणि पावसाचा दुष्काळ. हे खनिज पाण्यात विरघळतं, भरपूर पावसाच्या प्रदेशात ते टिकतच नाही.

आता आपलं लोणार बघा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर अशनीच्या आघातानं बेसॉल्ट खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. पाणी कोंडलेलं, उन्हाळ्यात आटणारं, खारट. तिथून लोक पूर्वी सोड्याचे खार काढत. म्हणजे तळं आहे, आटणं आहे, खार आहे. पण बोरॉन आणणारं गरम पाणी नाही. म्हणून सोडा मिळाला, टाकणखार नाही.

उलट भंडारा जिल्ह्यात बोरॉन आहे. तिथल्या कायनाइट-सिलिमनाइटच्या खडकांबरोबर टूर्मलीन आणि ड्युमॉर्टिएराइट ही खनिजं सापडतात. दोन्हींत बोरॉन असतं. पण ते सिलिकेटच्या घट्ट बांधणीत अडकलेलं, पाण्यात न विरघळणारं. सोनाराला त्याचा काही उपयोग नाही. एकीकडे तळं आहे पण बोरॉन नाही, दुसरीकडे बोरॉन आहे पण दगडात कैद. विदर्भाची ही गंमत आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या हिमालयापलीकडे: तिबेटच्या तळ्यांच्या काठी आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात, जवळजवळ ४४०० मीटर उंचीवर. तिथे गरम झरे आहेत, गंधक आहे आणि जमिनीवर पांढरा टाकणखार फुलून येतो. शतकानुशतकं हा माल मेंढ्यांच्या पाठीवर लहान थैल्यांतून, मेंढीमागे साधारण आठ-दहा किलो, घाट ओलांडून कुमाऊँकडे आणि इतर हिमालयी बाजारांत उतरायचा. खडे सुकून भुकटी होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी लावत. परत जाताना मेंढ्यांवर धान्य. ही वाहतूक करणाऱ्या भोटिया व्यापाऱ्यांची नावं कोणत्याही दागिन्यावर नाहीत, जशी टाकणखाराचीही खूण नाही.

शब्दानंही असाच प्रवास केला. टंकणावरून फारसी-अरबीत तिनकार झाला आणि इंग्रजीत तो टिंकल म्हणून पोचला. बोरॅक्स हा शब्द अरबी ‘बूरक’ वरून आला. महाभारतात उत्तरेकडचे तंगण लोक युधिष्ठिराला सोनं आणून देतात. या डोंगरी लोकांच्या नावाशी टंकण शब्दाचं नातं काही अभ्यासकांनी जोडलं आहे. ते खरं असेल तर वस्तूला तिच्या उगमाचंच नाव होतं. मैदानात पोचेपर्यंत नाव उरलं आणि उगम विसरला.

युरोपातही हाच प्रकार. व्हेनिसचे लोक तिबेटी टाकणखार शुद्ध करून विकत, पण तो निघतो कसा याबद्दल धड माहिती नव्हती. १७८३ मध्ये सॅम्युएल टर्नरबरोबर तिबेटला गेलेला शल्यवैद्य रॉबर्ट सॉन्डर्स यानं १७८९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या तळ्याची माहिती छापली. विल्यम ब्लेनचा याच विषयावरचा लेख त्याच्या दोन वर्षं आधीचा. १७७७ मध्ये इटलीत टस्कनीच्या गरम पाण्यात बोरिक आम्ल सापडलं. १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हीनं आणि फ्रान्समध्ये गे-लुसाक व थेनार यांनी बोरॉन वेगळं काढलं. वस्तू काय आहे, ते तेव्हा कुठे कळलं.

आणि हे कळल्यावर जुना व्यापार बुडाला. टस्कनीचं बोरिक आम्ल आलं. मग कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतून, १८८३ ते १८८९ या काळात, वीस जनावरांच्या गाड्या सुमारे २६५ किलोमीटर वाळवंट तुडवत टाकणखार रेल्वेपर्यंत आणू लागल्या. जगाचा भाव कोसळला आणि हिमालयातल्या मेंढ्यांची पाठ रिकामी झाली. आज जगातल्या ज्ञात साठ्यांचा सर्वांत मोठा वाटा तुर्कस्तानात आहे. भारताचं काय? आपल्याच शहरात मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो देशाच्या खनिजांची मोजदाद ठेवतो. त्यात टाकणखाराचा साठा दाखवलेला आहे तो पुगा खोऱ्यातला, सुमारे ७४ हजार टन. आपला कच्चा माल मुख्यतः बाहेरूनच येतो. हजार वर्षांपूर्वी इतवारीतल्यासारखा सोनार दूरच्या खारावर अवलंबून होता, आजही आहे. फक्त मेंढीच्या जागी जहाज आलं.

उपयोग मात्र वाढले. प्रयोगशाळेतल्या ज्या काचेच्या भांड्यात आपण निर्धास्त पाणी उकळतो, तिच्यात बोरॉन आहे. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषायला बोरॉन लागतं. कॅरमच्या पाटावर आपण जी पावडर टाकतो, ती बोरिक. पीठ-साखरेत बोरिक मिसळून झुरळांसाठी गोळ्या केलेल्या कुणी पाहिल्या नाहीत? १९२३ मध्ये कॅथरिन वॉरिंग्टन यांनी दाखवून दिलं की झाडालाही बोरॉन लागतं. म्हणून आपले शेतकरी कपाशीवर आणि संत्र्यावर त्याची फवारणी करतात. पण फार थोडी, कारण लागणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर कमी.

मात्रेचा विषय निघाला, म्हणून आता घरची गोष्ट. आमच्या लहानपणी बाळाचं तोंड आलं की आजी टाकणखाराची लाही करून मधातून बोटानं चाटवायची. धाकट्या बहिणीला चाटवलेली आम्ही पाहिली. ती चांगली धडधाकट वाढली आणि तेच आमच्या घरचं प्रमाण झालं. पुढे आम्ही तीस वर्षं वर्गात प्रमाणशास्त्र शिकवलं. एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही, हे शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. आणि नात चार महिन्यांची असताना तिचं तोंड आलं, तेव्हा वाटीत मध आणि लाही कालवून आम्ही स्वतः उभे होतो. सुनेनं आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, दोन्ही नको. मध वर्षाच्या आत नको आणि टाकणखार तर मुळीच नको. आम्हांला राग आला. खरं सांगायचं तर अपमान वाटला.

राग शांत झाल्यावर वाचलं. १९०२ मध्ये अमेरिकेत हार्वी वायली यांनी बारा तरुणांना जेवणातून टाकणखार देऊन पाहिला, कारण तेव्हा तो अन्न टिकवायला वापरत. भूक जाणं, डोकं दुखणं, पोट बिघडणं असे त्रास झाले. १९८३ साली एका बालरोगविषयक नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची नोंद आली. त्यांच्या चोखणीला मध आणि टाकणखार लावत असत. त्यांना झटके येत होते. ते लावणं थांबवलं आणि झटके थांबले. आजीच्या बोटावरचाच मध, आजीच्या बोटावरचाच टाकणखार.

आजी चुकीची होती असं म्हणून आम्हांला मोकळं होता येत नाही. तिच्याकडे जे होतं ते आप्तवाक्य होतं, प्रेमानं मिळालेलं आणि प्रेमानंच वापरलेलं. आमच्याकडे मात्र परीक्षेची साधनं होती आणि आम्ही ती बाजूला ठेवली. परंपरा परीक्षा शिकवत नाही, असंही नाही. ज्या परंपरेनं भस्माला मित्रपंचकाच्या मुशीत घालून तपासलं, त्याच परंपरेचे आम्ही वारस. तिथून आम्ही टाकणखार उचलला, परीक्षा तिथेच ठेवून आलो.

सोनाराला उपयोग माहीत होता, भोटियाला वाट, रसायनज्ञाला घटक. प्रत्येकाचं ज्ञान खरं होतं आणि प्रत्येकाचं आपल्या जागेपुरतं होतं. सांध्यावरचा अनुभव बाळाच्या जिभेवर लागू होत नाही. तिथे नवी परीक्षा लागते. घरात एखादी गोष्ट ‘आमच्याकडे पूर्वीपासून चालत आली’ म्हणून पुढे येईल, तेव्हा तिला हसू नका आणि तशीच स्वीकारूही नका. कशासाठी, किती, कुणाला, एवढं विचारा. आणि घरातल्या कुणा सुनेनं ते आधी विचारलं, तर आमच्यासारखा राग धरू नका.

प्रश्नोत्तरांसाठी आता वेळ ठेवू.