पातार्कात्सिश्विली, बद्री
(३१ ऑक्टोबर १९५५ – १२ फेब्रुवारी २००८). सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर रशिया व जॉर्जिया या देशांतील प्रसारमाध्यमे, क्रीडा व राजकारण यांवर प्रभाव पाडणारा जॉर्जियन उद्योगपती. मूळ नाव अर्काडी. जन्म तिबिलिसी येथे एका ज्यू कुटुंबात. प्रारंभी कापडगिरणीत नोकरी केल्यानंतर तो मोटारविक्री करणाऱ्या लोगोवाझ या कंपनीत आला व तिचा संस्थापक बरीस बेरेझोव्हस्की याचा निकटचा भागीदार बनला.

रशियातील ओआरटी ही दूरचित्रवाणी वाहिनी १९९५ मध्ये सुरू झाली. तिचे बहुसंख्य भाग शासनाकडे असले, तरी प्रत्यक्ष नियंत्रण बेरेझोव्हस्की गटाकडे होते आणि आर्थिक व्यवहार बद्री पाहत असे. १९९६ च्या निवडणुकीत वाहिनीने राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांचा प्रचार केला. पुढे २००० मध्ये सत्तेवर आलेले पुतिन व बेरेझोव्हस्की यांच्यात वितुष्ट येताच वाहिनी या गटाच्या हातून गेली. २००१ मध्ये बद्री जॉर्जियात परतला. रशियाने त्याच्यावर आरोप ठेवून त्याची मागणी केली. परंतु जॉर्जियाने त्याला स्वाधीन केले नाही.

जॉर्जियात त्याने ‘इमेदी’ (अर्थ : आशा) ही दूरचित्रवाणी वाहिनी स्थापन केली. १९८१ मध्ये यूरोपीय चषकविजेत्या संघांची स्पर्धा जिंकणारा दिनामो तिबिलिसी हा फुटबॉल संघही त्याच्या मालकीचा झाला. राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद त्याने भूषविले. क्रीडा व लोकोपयोगी कार्याला दिलेल्या देणग्यांमुळे त्याला लोकप्रियता लाभली. मात्र राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांच्याशी त्याचे प्रारंभीचे सलोख्याचे संबंध टिकले नाहीत. २००७ मध्ये त्याने विरोधी पक्षांच्या आंदोलनाला उघड पाठिंबा दिला. ७ नोव्हेंबर रोजी सशस्त्र पोलिसांनी इमेदीचे प्रक्षेपण बंद पाडले व देशात आणीबाणी जारी झाली. शासन उलथविण्याच्या कटाचा आरोपही त्याच्यावर ठेवण्यात आला. तो त्याने नाकारला. जानेवारी २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ७ टक्के मते मिळून तो तिसरा आला. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमधील लेदरहेडनजीक राहत्या घरी त्याचे निधन झाले. मृत्यूविषयी संशय व्यक्त झाला. तथापि वैद्यकीय तपासणीत हृदयविकार हेच कारण आढळले. इमेदीच्या मालकीचा तंटा मात्र चालू राहिला. २०१२ च्या सत्तांतरानंतर ती वाहिनी त्याच्या कुटुंबीयांना परत मिळाली.

सोव्हिएटोत्तर समाजात संपत्तीला कायद्यापेक्षा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीचाच आधार अधिक होता, हे बद्रीच्या चरित्रावरून दिसते. वृत्तवाहिनीमुळे त्याला सत्तेच्या वर्तुळात स्थान मिळाले. पण मॉस्को व तिबिलिसी या दोन्ही ठिकाणी सत्तेशी बिनसताच प्रथम आघात झाला, तो वाहिनीवरच.