मध्यरेषा दोन हात दूर

शुक्रवार, 24 ऑगस्ट 2018. तुम्ही अलिबागच्या कोळीवाड्यात येऊन उतरलात. जकार्तात आज काय होणार, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तोंड बंद ठेवा. नारळी पुनव परवावर आलीय. होड्यांना नवा रंग चढलाय, मधूनच पावसाची सर येऊन जातेय. एका ओटीवर टीव्हीचं तोंड दाराकडे वळवलंय आणि त्यापुढे माणसांची दाटी. एक बाई सरकून जागा देते. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. कबड्डी बघायला आलात ना, मग बसा.

आशियाई क्रीडा स्पर्धेतली महिलांची अंतिम लढत, भारत आणि इराण. घरात कालचं सुतक अजून फिटलेलं नाही. पुरुषांचा संघ उपान्त्य फेरीत याच इराणकडून 27-18 असा हरला. 1990 पासूनची सलग सात सुवर्णपदकं तिथेच थांबली. आता भिस्त मुलींवर. 2010 आणि 2014, दोन्ही वेळची सुवर्णं त्यांचीच, आणि 2014 च्या अंतिम सामन्यात समोर इराणच होता. शिवाय संघात सोनाली शिंगटे, सायली केरीपाळे या आपल्याकडच्या दोघी. मध्यंतराला भारत 13-11 असा पुढे. चहा येतो.

चहा संपेपर्यंत खेळ फिरू लागतो.

तुम्हाला जागा देणारी मावशी एके काळी गावच्या संघातून खेळलेली. शेजारची पोर तिला विचारते, "मावशी, ही आत का जात नाय?"

"आत जाऊन परत कशी येल? त्यांनी डोल लावलीय."

आता गुणफलक सोडा, इराणी मुलींचे पाय बघा. डोक्याला रुमाल, पूर्ण बाह्या, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. खाडीच्या तोंडाशी डोल-जाळी जशी जागच्या जागी उभी राहते आणि भरतीच मासळी तिच्यात आणून घालते, तशी ही साखळी उभी आहे. आपल्या चढाईची सगळी मदार समोरच्याच्या घाईवर. कोपरारक्षक एक पाऊल पुढे आली की हात लावायचा आणि मागे पळायचं. ती आलीच नाही तर?

मग घड्याळ चढाईपटूच्या मानगुटीवर बसतं. एका चढाईला तीस सेकंद. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. समोर सहा-सात जणी असतील तर बोनस घेता येतो, पण बोनसनं गुण वाढतो, बाहेर बसलेली मुलगी आत येत नाही. ती येते समोरची कुणी बाद झाली तरच. म्हणजे एका पकडीचा फटका दुहेरी: गुण गेला तो गेलाच, वर गुण आणणारीच बाहेर बसली. तिच्या जागी जी जाते तिचं काम मुळात बचावाचं. चार-पाच पकडी अशा पडल्या की चढाईचं कंबरडं मोडतं. "आपल्या पोरी दडपणाखाली खेळल्या" हे उद्या सगळे म्हणतील. मला ते अर्धवट वाटतं. दडपण कुठून आलं, ते त्या न हलणाऱ्या पायांत दिसत होतं.

घोटा धरला जातो, पाठोपाठ तिघी-चौघी अंगावर, आणि मध्यरेषा दोन हातांवर राहते. ओटीवर कुणीतरी पंचांचा उद्धार करतं. मावशी मान हलवते.

प्रवासी म्हणून तुम्हाला एक सवलत आहे, ती वापरा. जकार्तातल्या गरुडा थिएटरमध्ये इराणच्या बाकाजवळ जा. तिथे शैलजा जैन आहेत, नाशिकच्या. महाराष्ट्रात मुली घडवण्यात हयात गेलेल्या. 2017 पासून त्या इराणच्या प्रशिक्षक. तिथे त्यांनी मुलींना योगासनं आणि प्राणायाम करायला लावला, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून स्वतः फारसी शिकल्या. आपली चढाईपटू कुठल्या खांद्यानं हूल देते, कशाला भुलते, हे या बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. इराणी मुलींची ताकद त्यांची स्वतःची. कधी थांबायचं, हे नाशिकहून गेलेलं.

27-24, इराण जिंकला. परत ओटीवर या. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊत याच भारतीय मुली... खरं तर बऱ्याचशा दुसऱ्याच मुली, चायनीज तैपेईला 26-25 असं हरवून सुवर्ण परत आणतील आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक असेल, हे सांगायला तुमची जीभ वळवळते. गप्प बसा.

टीव्हीवर इराणच्या प्रशिक्षक दिसतात, नाव ऐकू येतं. ओटीवर क्षणात दोन तट पडतात. "म्हणजे आपल्याच बाईनं हरवलं आपल्याला!" एक जण चिडून उठतो. "मग! आपल्या बाईनं जिंकवलं म्हण की!" मागून कुणीतरी हसतं. मावशी रिकामे कप गोळा करत असते. पोर तिच्या पदराला झोंबते, "पण मावशी, मग ती आपल्या पोरींना का नव्हती शिकवत?"