श्वास मोजणाऱ्या बाया

धरमपेठेत लेकीकडे आलो की नातवाला मांडीवर घेतो अन् नकळत त्याचे श्वास मोजतो. माझी धाकटी बहीण आठव्या दिवशी धापा टाकत गेली. माय म्हणाली, "नशीब." तिचा ना जन्म कुठं लिहिलेला, ना मरण.

डॉ. अभय अन् राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था काढली. पुढं ३९ गावांतल्या बाया निवडून आरोग्यदूत केल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या, म्हणजे माझ्यासारख्याच. बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका समजायचा, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायचं. अन् जे दिसलं ते कागदावर लिहायचं. त्याच नोंदींवर अभ्यास उभा राहिला. तिसऱ्या वर्षी, इतर गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'नं ते छापलं.

आज आशाताई घरी येऊन बाळंतिणीचं लेकरू पाहते, त्यामागं या बायांचीच मेहनत आहे.

हे मायला सांगायचं होतं, की ते नशीब नव्हतं. पण ती आता राहिली नाही.