रंग आणि खोली : मराठवाड्यातील काळ्या जमिनीच्या प्रतवारीचा इतिहास
(विशेष संदर्भ : औरंगाबाद परिसर)

प्रस्तावना

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरातील शहागंज हा भाग मोगल व निजामकालीन बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘गंज’ या फारसी शब्दाचा एक अर्थच मुळी बाजारपेठ असा आहे. येथील विस्तीर्ण मशीद इ.स. १७२० च्या सुमारास उभारण्यात आली. मात्र ज्या भूमीवर हे शहर वसले तिचे जुने नाव ‘खडकी’ असे होते, आणि या नावाचे नाते खडकाशी आहे. शहराच्या आजूबाजूस डोंगरउतार, मुरूम आणि माळ. तर दक्षिणेस गंगापूर-पैठणच्या बाजूने गोदावरीच्या खोऱ्यात खोल काळी जमीन, असे येथील भूरूप आहे. खडकाळ जागी वसलेल्या राजधानीचा महसूल काळ्या जमिनीतून येत असल्यामुळे जमिनीची पारख हा येथील प्रत्येक राजवटीच्या कारभाराचा महत्त्वाचा विषय ठरला.

प्रस्तुत लेखात या पारखीचा इतिहास तपासला आहे. काळ्या जमिनीविषयी दोन प्रकारचे ज्ञान समांतर वाढले. एक शास्त्रज्ञांचे, ज्याने प्रथम रंगाचा शोध घेतला. दुसरे शेतकऱ्यांचे व महसूल यंत्रणेचे, ज्याने खोली मोजली. यांपैकी खोलीचे ज्ञान या प्रदेशाच्या वास्तवाला अधिक जवळचे होते, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : ‘काळी’ आणि ‘पांढरी’

मराठी मुलखाच्या जुन्या वहिवाटीत गावाचे दोन भाग मानले जात. वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि कसण्याची जमीन ती ‘काळी’. येथे ‘काळी’ या शब्दाने केवळ रंगाचा बोध होत नसून लागवडीखालील समग्र जमिनीचा बोध होतो. प्रत्यक्ष प्रत सांगताना शेतकरी भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, चुनखडीची, चोपण असे शब्द वापरतो. यांतील बहुतेक शब्द खोली, पोत, निचरा आणि दोष सांगणारे आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. निजामशाहीतील त्याच्या जमाबंदीत जमिनीची प्रत लक्षात घेऊन धारा ठरविण्याचे तत्त्व होते. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार असताना १६५३ मध्ये शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. त्याच काळात मुर्शिद कुली खान या दिवाणाने दख्खनच्या महसुलाची पुनर्रचना केली. केवळ पावसावर येणाऱ्या पिकात निम्मा हिस्सा सरकारचा, तर विहिरीच्या पाण्यावरील धान्यात एकतृतीयांश, असा भेद त्याने केला. म्हणजेच पाणी कोठून व किती श्रमाने मिळते हा महसुलाचा निकष ठरला. जिराईत शेतात हे पाणी साठविण्याचे काम जमीनच करीत असल्याने पुढील काळात जमिनीच्या खोलीचे मोजमाप महत्त्वाचे ठरणे स्वाभाविक होते.

हात आणि आणे : एकोणिसाव्या शतकातील प्रतवारी

मुंबई इलाख्यात प्रिंगल यांची जमाबंदी अयशस्वी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर भागात नव्या पाहणीस आरंभ केला. या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात स्थिर झाले. त्यांत पोत व रंग यांवरून जमिनीचे तीन वर्ग कल्पिले होते. पहिला बारीक व एकसारख्या पोताचा, गडद काळा ते तपकिरी. दुसरा त्याहून भरड, बहुधा तांबडा. तिसरा मुरमाड अथवा भुसभुशीत, करडा. परंतु अंतिम मूल्य ठरे ते खोलीवरून. पहिल्या वर्गातील जमीन पावणेदोन हात खोल असल्यास ती सोळा आणे, एक हात असल्यास दहा आणे आणि पाव हात असल्यास केवळ साडेचार आणे मानली जाई. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणे, पाण्याच्या लोंढ्याखाली येणे यांसारखा प्रत्येक दोष जमिनीस एकेक प्रत खाली उतरवीत असे.

या कोष्टकाचा अर्थ असा की दोन शेते सारखीच काळीभोर असूनही त्यांच्या मूल्यात साडेतीन पटींहून अधिक अंतर पडू शके. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांच्या कारकीर्दीत, १८७० च्या दशकात, मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही मुंबईच्या धर्तीवर मोजणी व प्रतबंदीचे काम सुरू झाले. ही प्रतवारी महसूल वाढविण्याच्या हेतूने झाली, यात शंका नाही. तरीही तिच्यात शेतकऱ्याच्या अनुभवाचे सार उतरले होते.

रंगाचा शोध आणि एक दिशाभूल करणारी तुलना

दुसरीकडे भूशास्त्रज्ञांना काळ्या रंगाचे कोडे पडले होते. ही माती प्राचीन जलाशयांच्या तळाशी साचली असावी, असे न्यूबोल्ड आदी अभ्यासकांना वाटे. ती प्रामुख्याने बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून बनते, हे मत पुढे मान्यता पावले. त्यानंतर रशियातील ‘चर्नोझेम’ या काळ्या मातीशी तिची तुलना होऊ लागली. दोकुचायेव्ह यांचा रशियन चर्नोझेमवरील ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आधुनिक मृदाशास्त्राचा पाया घातला गेला. काळ्या कापूस जमिनीला ‘उष्णकटिबंधीय चर्नोझेम’ असेही म्हटले गेले. भूगोलाच्या अनेक पाठ्यपुस्तकांतून ही तुलना येत राहिली.

तुलना कोठे फसते हे पाहण्यासाठी गवताळ प्रदेशातील एक नमुना उपयुक्त ठरतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात ‘क्लॅरियन’ या नावाची पोयट्याची जमीन आढळते. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू, गाळ, चिकणमाती व गोटे यांच्या सरमिसळीपासून (टिल) ती बनली. त्यावर हजारो वर्षे उंच प्रेअरी गवत वाढले. दाट मुळे जमिनीतच कुजत गेल्याने वरचा थर जाड, भुसभुशीत व ह्यूमसने काळा झाला. तेथे काळेपणा म्हणजे सेंद्रिय समृद्धी होय.

हिमनदीचे अवशेष महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या तालचेर काळातील गोटेयुक्त थर आणि हिमाने घासलेला खडक फेडन यांनी नोंदविला (१८७५). परंतु ते निक्षेप केव्हाच खडकरूप झाले असून मराठवाड्याच्या मातीशी त्यांचा संबंध नाही. मराठवाड्याची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकातून झिजून तयार झाली. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी आणि चिकणमाती मात्र अनेकदा निम्म्याहून अधिक असते. ॲनेट यांनी १९१० मध्ये तिच्या काळ्या रंगाचे कारण टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या खनिजात शोधले. पुढील संशोधनाने चिकणमातीशी घट्ट बांधल्या गेलेल्या अल्प सेंद्रिय द्रव्याकडेही लक्ष वेधले. म्हणजेच येथे काळेपणा सुपीकतेची हमी देत नाही.

गवताच्या बाबतीत तर चित्र उलटेच आहे. प्रेअरीत गवताने खोल काळी जमीन घडविली. मराठवाड्यात मात्र मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते आज मुख्यतः डोंगरउतारांच्या व माळांच्या उथळ, मुरमाड जमिनीवर दिसतात. खोल काळी जमीन नांगराखाली गेली आणि गुरांच्या वाट्याला गायरान व माळ उरले.

खोलीचे शास्त्रीय समर्थन

अमेरिकन मृदावर्गीकरणाच्या १९६० च्या आराखड्यात आणि १९७५ च्या अंतिम ग्रंथात गवताळ प्रदेशांतील मृदा ‘मॉलिसॉल’ आणि भेगाळणाऱ्या चिकण मृदा ‘व्हर्टिसॉल’ अशा स्वतंत्र गणांत गेल्या. व्हर्टिसॉलची व्याख्या काळेपणावर नव्हे, तर चिकणमातीचे प्रमाण, भेगा आणि फुगण्या-आकसण्याची क्रिया यांवर आधारलेली आहे. येथील चिकणमातीतील स्मेक्टाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणून पावसाळ्यात वाफसा येईपर्यंत शेतात औत घालता येत नाही आणि उन्हाळ्यात जमिनीला रुंद भेगा पडतात.

एक मीटर खोल भारी जमीन पिकाला उपलब्ध होणारे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. याच ओलीवर रब्बीची ज्वारी, फारसा पाऊस नसताना, पोसली जाते. तोच थर वीतभर असेल, तर पावसाच्या दोन आठवड्यांच्या उघडिपीतही पीक सुकते. पावणेदोन हात आणि पाव हात यांतील फरकाचे शास्त्रीय स्पष्टीकरण हेच होय. १९७२ च्या दुष्काळासारख्या संकटात एकाच गावातील शेतकऱ्यांचा टिकाव वेगवेगळा का लागतो, याचे एक उत्तर त्यांच्या शेताच्या खोलीत आहे.

परंतु खोली ही स्थिर नसते. उताराची माती दर पावसाळ्यात वाहते आणि नाल्या-तलावांत साचते. मुंबई इलाख्याचा १९४२ चा जमीन सुधारणा कायदा, त्यानुसार झालेली बांधबंदिस्ती, रोजगार हमीतील मृदसंधारण आणि २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना हे सर्व हरवलेली खोली राखण्याचे वा परत मिळविण्याचे प्रयत्न आहेत. याउलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून बारा घटक तपासले जातात. मात्र त्यांत खोलीचा समावेश नाही.

निष्कर्ष

१. मराठवाड्यातील काळी जमीन ही गवताळ प्रदेशातील चर्नोझेमची उष्ण आवृत्ती नव्हे. दोहोंचे साम्य रंगापुरते आहे; मूळ द्रव्य, घडण व गुणधर्म भिन्न आहेत.

२. शेतकऱ्यांची परिभाषा आणि एकोणिसाव्या शतकातील प्रतबंदी यांनी खोली व दोष यांना दिलेले महत्त्व आधुनिक मृदाशास्त्राने सिद्ध केले आहे.

३. प्रतबंदीची जुनी कागदपत्रे केवळ महसुलाचा नव्हे, तर मातीचाही दस्तऐवज आहेत. त्यांतील खोलीच्या नोंदी आजच्या मोजमापांशी ताडून पाहिल्यास दीड शतकात कोणत्या शिवारातून किती माती गेली, याचा अंदाज बांधता येईल. इतिहास, भूगोल आणि कृषिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे. जी जमीन एकेकाळी सोळा आणे ठरली ती आज किती आण्यांची उरली, हा प्रश्न मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीच्या भवितव्याशी निगडित आहे.